ओपलच्या सिंकमधले तीन कप

व्हर्ना स्टिडम शेरीफच्या माणसांना बोल लावायला उभी राहिली, की सावरवुड खोऱ्यातली माणसं खुर्च्या पुढे ओढून बसत. बाईची जीभच तशी होती. क्लोव्हिस आणि ओपल डीटन या म्हाताऱ्या नवराबायकोचा खून झाला त्याला अकरा वर्षं झाली. दर ऑक्टोबरात, त्या तारखेच्या जवळचा शनिवार गाठून, चर्चच्या हॉलमध्ये सभा भरे. मधल्या काळात तीन शेरीफ बदलले. खुनी काही सापडला नाही.

"दोन तास!" व्हर्ना दर वर्षी सुरुवात करी. "मी फोन केल्यावर दोन तासांनी आले. अन् आले ते चिखलाचे बूट घेऊन घरभर हिंडले. काडतुसाचं टरफल मिळालं होतं, तेही हरवलं. यांना स्वतःच्या खिशातली किल्ली मिळायची नाही, खुनी कुठला मिळतोय!"

लोक हसत, बाकं थोपटत. तिच्या बोलण्यात एक शब्द खोटा नसे, आणि तेच तिला टोचे. मोठ्याने ओरडणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

झालं होतं ते असं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती ओपलकडे गोधडी शिवायला गेली. दार उघडंच होतं. ओपल खोल्यांमधल्या वाटेत पडलेली, क्लोव्हिस मागच्या पायरीवर. दोघांनाही गोळी घातलेली. व्हर्नाने फोन केला, दोन गोधड्या आणल्या, दोघांवर घातल्या आणि स्वयंपाकघरात येऊन बसली. समोर सिंकमध्ये कॉफीचे तीन कप, तीन बशा, टेबलावर मक्याच्या पावाचा चुरा.

आता खोऱ्यातली रीत अशी, की कुणी गेलं तर लांबचे नातलग यायच्या आत शेजारणीने ते स्वयंपाकघर लखलखीत करायचं. मेलेल्या बाईचं उष्टंखरकटं परक्याच्या नजरेला पडता कामा नये. व्हर्नाच्या आईने हे केलं होतं, आजीने केलं होतं. व्हर्नाचा नवरा गेला तेव्हा ओपलने तिच्याकडे येऊन हेच केलं होतं. शेरीफची माणसं म्हणजे परकीच की. व्हर्नाने गरम पाणी सोडलं, कप घासले, पुसले, भिंतीवरच्या आकड्यांना टांगले, टेबल पुसलं. हात चालत होते तोवर रडू आलं नाही.

मग गाडी आली. पहिला जो शिपाई आत शिरला तो गोधड्या बघून तिच्या अंगावरच धावला. "कुणी घातल्या या? तू? अक्कल गहाण ठेवलीस का, म्हातारे? आणखी कशाला हात लावलास?"

म्हातारे! साठीही गाठली नव्हती तिने. शेजारीण तिथे रक्तात पडलेली, आणि हा कालचा पोऱ्या तिची अक्कल काढतोय. व्हर्नाने मान ताठ केली. "कशालाही नाही," ती म्हणाली.

तेवढाच शब्द. कागदावर लिहिला गेला, खाली तिने सही केली.

महिन्याभरात कळलं की खोऱ्याच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या डेन्व्हर फ्यूगेटने जबानी दिली होती. त्या सकाळी सात वाजता तो डीटनांकडे जळाऊ लाकडं टाकायला गेला होता. ओपल म्हणाली, ये, कॉफी घे. त्याने जाळीच्या दारातून पाहिलं, तर टेबलाशी जाड कोट घातलेला एक माणूस पाठमोरा बसलेला, पुढ्यात तीन कप. आपले बूट चिखलाचे म्हणून डेन्व्हर आत गेला नाही. शेरीफच्या माणसांनी स्वयंपाकघराचे त्या दिवशीचे फोटो काढून बघितले. कप आकड्यांना, सिंक कोरडं. पाहुणा आला होता याची काडीइतकी खूण नाही. म्हणजे डेन्व्हर थापा मारतोय. आणि निरपराध माणूस थापा कशाला मारील?

पकडण्याइतका पुरावा नव्हता, पण नाव चिकटायला पुरावा लागत नाही. डेन्व्हरला कामं मिळेनाशी झाली. बायको माहेरी गेली ती परतली नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याची आई वारली, तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला सहा माणसं मिळाली नाहीत. चौघांनी नेली, त्यातले दोघे शेजारच्या काउंटीतले. व्हर्ना खिडकीच्या पडद्याआडून बघत होती. त्या दिवशी तिने स्वतःला सांगितलं, पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध दुसरंही काही असेल. तेव्हापासून ती हेच सांगत आली होती.

यंदा सभेआधी ती हॉलच्या स्वयंपाकघरात केक कापत होती. शेजारी ओपलची मुलगी रोंडा कागदी ताटल्या मांडत होती. रोंडा ओहायोत राही, दर वर्षी सहा तास गाडी चालवून येई आणि व्हर्नाकडेच उतरे.

"मावशी, तुकडे केवढाले करतेस! माणसं आहेत की बैल?"

"गेल्या साली एल्झीने चार खाल्ले. बैल बरा."

रोंडा हसली, आणि हसता हसता तिने व्हर्नाच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू नसतीस तर मी या खोऱ्यात पाऊल ठेवलं नसतं बघ."

व्हर्नाने सुरी पुसली.

तेवढ्यात नवा तपास अधिकारी आत आला. टॅकेट त्याचं नाव. पन्नाशीचा, काखेत जाडजूड फाइल. टोपी काढून म्हणाला, "बाहेर शिव्या खायच्या आहेतच. त्याआधी घरच्यांना सांगावं म्हणून आलो."

"शिव्या केकबरोबर मिळतात. बस," व्हर्ना म्हणाली.

तो बसला नाही. रोंडाकडे वळला. "मी फाइल दोनदा वाचली, बाई. आमच्या माणसांनी घाण करून ठेवली होती, कबूल. पण एक गोष्ट पक्की आहे. डेन्व्हर फ्यूगेटने पाहुणा रचला. पुढच्या आठवड्यात मी फाइल सरकारी वकिलाकडे देतोय, त्याच्या नावाने."

रोंडाने तोंडावर हात दाबला. मग व्हर्नाचा हात धरला, असा घट्ट की हाडं दुखली. "मावशी, ऐकलंस? शेवटी. अगं, शेवटी!" ती रडायला लागली. अकरा वर्षांत असं मोकळं रडताना व्हर्नाने तिला पाहिलं नव्हतं.

आता गप्प राहिलं तर एक माणूस तुरुंगात जाणार. बोललं तर ही पोर जाणार, आणि तिच्याबरोबर खोऱ्यातला सगळा मान. व्हर्नाला मूलबाळ नव्हतं. बाहेरून एल्झीने हाक मारली, "व्हर्नामावशी, ये गं! शेरीफची पूजा बांधायची ना?"

ती बाहेर गेली. चाळीसेक माणसं होती. खुर्च्या पुढे सरकल्या.

"दोन तास," ती म्हणाली, आणि थांबली.

"हां, पुढे! चिखलाचे बूट!" कुणीतरी ओरडलं.

"बूट राहू दे. त्या दोन तासांत मी काय केलं ते सांगते." तिने टेबलाची कड धरली. "ओपलच्या सिंकमध्ये तीन कप होते. डेन्व्हर म्हणाला तेवढेच. मी ते घासले, पुसले, आकड्यांना लावले. विचारलं तेव्हा नाही म्हणाले. सही केली. मला शिपायाचा राग आला होता. मग भीती वाटली. मग... मग तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात."

मागे एक म्हातारी पुटपुटली, "मीही घासलेच असते गं." तिच्या मुलाने तिला गप्प केलं.

टॅकेटने फाइल उघडली, मिटली. "मावशी," तो सावकाश म्हणाला, "त्या तिसऱ्या कपावर त्या पाहुण्याची लाळ होती. बोटांचे ठसे होते."

"ठाऊक आहे मला. कपावरून माणूस कसा शोधतात ते दुसऱ्या वर्षी टीव्हीवर पाहिलं. तेव्हाच कळलं."

"दुसऱ्या वर्षी!" त्याने कपाळाला हात लावला. "आता डेन्व्हरचं नाव मी फाइलमधून काढून टाकतो. पण खरा कोण ते कुठून काढू? ते तर तुम्ही गरम पाण्याने धुऊन टाकलंत."

रोंडा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आईचा कप पण घासलास?" तिने विचारलं.

"हो."

"आणि दर वर्षी मला जेवायला वाढलंस." तिने अंगात कोट घातला. कुणाकडे न बघता बाहेर गेली. व्हर्ना घरी पोचली तेव्हा पाहुण्यांच्या खोलीतली बॅग नव्हती. पांघरूण नीट घडी करून ठेवलं होतं.

व्हर्ना तशीच पुन्हा निघाली आणि वरच्या टोकाला गेली. डेन्व्हर अंगणात कुऱ्हाडीने लाकडं फोडत होता. तिला बघून थांबला नाही. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्येच कुठेतरी कुऱ्हाडीचा आवाज बंद झाला.

"मी वेडा झालो असं मला वाटायला लागलं होतं," तो म्हणाला. "तीनच होते ना, की मला दिसले? रात्र रात्र मोजायचो. आई म्हणायची, तू पाहिलंस म्हणजे होते. ती एकटीच."

"डेन्व्हर, मी—"

"नको." त्याने हात वर केला. "हॉलमध्ये सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर."

"चर्चला येणारे माझ्यावर कधी थुंकले नाहीत, मावशी. थुंकले ते पेट्रोल पंपावरच्या दुकानाबाहेर बसणारे. नऊ वर्षं झाली, मी मीठसुद्धा डोंगरापलीकडून आणतो." त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "सोमवारी सकाळी सातला ते तिथे कॉफी पीत बसतात. तू यायचं. मी आत जाणार, तू दारात उभी राहून सांगायचं. आता जसं सांगितलंस तसं."

"येईन."

"आणि मंगळवारी पण. सोमवारी सगळे नसतात."

"मंगळवारी पण येईन," व्हर्ना म्हणाली. त्याने तिला बस म्हटलं नाही, आणि तीही बसली नाही.