शाळेसमोर चव्वेचाळीस

नोटीस आली तेव्हा मी माझ्या तान्ह्या लेकीची, टिल्लीची, नखं कापत होते, म्हणजे श्वास रोखून बसले होते. त्यामुळे पाकीट बाबांनी उघडलं. बाबा म्हणजे माझे सासरे, निवृत्त दातांचे डॉक्टर. उभा जन्म ज्यांच्याशी बोलण्यात गेला त्यांची तोंडं उघडी असायची, पण उत्तर द्यायची सोय नसायची. त्यामुळे एकट्यानेच बोलत राहायची बाबांना छान सवय आहे.

"वेगमर्यादेचं उल्लंघन!" बक्षीस जाहीर करावं तसं त्यांनी वाचलं. "शाळेसमोरचा रस्ता. मर्यादा तीस. वाहनाचा वेग चव्वेचाळीस. अगं, हा तर आपल्या गाडीचा नंबर!"

"तुम्ही नेली होतीत?"

"मला कोण देतंय किल्ली?"

तेही खरंच. एकदा बाबांनी एका हाताने वळण घेतलं आणि दुसऱ्या हाताने रस्त्यापलीकडच्या जुन्या पेशंटला हात केला. त्याच दिवशी मी जाहीर केलं की ते गाडी चालवत असताना टिल्ली गाडीत बसणार नाही. नवराही यातून सुटला नव्हता. तो सिग्नलला थांबला की फोन काढतो. थोडक्यात काय, सात महिन्यांच्या टिल्लीला सुखरूप नेऊ-आणू शकेल असं घरात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे मी. सोमवारी माझी बाळंतपणाची रजा संपणार होती. पाळणाघर ऑफिसच्या वाटेवरच आहे, रोज मीच तिला सोडणार, हे मी घरात चांगलं भांडून मिळवलं होतं. बाबा बिचारे "मी सोडत जाईन की, मला काय काम असतं" म्हणत राहिले, पण मी दाद दिली नव्हती.

आणि आता हा कागद.

संध्याकाळी नवरा घरी आला आणि बापलेकांना अगदी चेव चढला.

"चव्वेचाळीस? तू?" नवरा म्हणाला. "अगं, तुला सायकलवाले घंटी वाजवून मागे टाकतात. हे फ्रेम करून लावूया भिंतीवर."

"यंत्र बिघडलेलं असणार," मी म्हटलं.

"असेलही. पण समजा, नसलं बिघडलेलं," बाबांनी हातातला घास हातातच ठेवला, "तर सोमवारचं काय करायचं?"

ते हसतच म्हणाले, पण विनोद बाजूला ठेवला तर प्रश्न तोच होता. मी जर खरंच शाळेसमोरून तशी गेले असेन, तर ज्या एका गोष्टीच्या जोरावर मी सगळ्या घराला किल्लीपासून लांब ठेवलं होतं, तीच खोटी ठरत होती.

"दंड भरून टाक आणि विषय संपव," नवरा म्हणाला.

"भरलं म्हणजे कबूल केलं."

नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की हरकत असल्यास लेखी कळवावं, फोटो पाहण्याची मागणी करता येईल. मी लगेच लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात टिल्लीचं वजन, तिच्या गाडीतल्या खुर्चीचे पट्टे मी दोनदा तपासते ते, आणि गतिरोधकावरून गाडी कशी अलगद नेते, हे सगळं आलं.

नवऱ्याने वाचलं. "हे वाहतूक खात्याला चाललंय की तुझ्या आईला?"

मग मी आटोपशीर लिहिलं. 'महोदय, सदर आरोप मला मान्य नाही. माझी मुलगी जन्मल्यापासून मी चाळीसच्या वर गाडी चालवलेली नाही. तरी कॅमेऱ्याने टिपलेला फोटो व यंत्राच्या तपासणीचा दाखला पाहण्यास मिळावा, ही विनंती.'

बाबांनी कागद लांब धरून वाचला. "चाळीसच्या वर नाही, असं तूच लिहितेयस. पण तिथे मर्यादा तीस आहे ना? म्हणजे एकोणचाळीसने गेलीस तरी गेलीसच."

"मग ते वाक्य काढू?"

"मी तुझा वकील असतो तर काढलं असतं."

काढलं. पण मनातून जाईना. टिल्लीला दवाखान्यात नेताना त्याच रस्त्याने जावं लागतं. तिथली शाळा डोळ्यांसमोर येत होती, फाटक येत होतं, फाटकावरचा पिवळा रंगही येत होता. तीसची पाटी काही केल्या येत नव्हती.

उत्तर लवकर आलं. फोटो घरी पाठवत नाहीत, समक्ष येऊन पाहावा. शुक्रवारी सकाळी मी टिल्लीला खुर्चीत बांधलं. बाबा "साक्षीदार लागेल" म्हणत शेजारी येऊन बसले. जाताना मी मोकळ्या रस्त्यावरही तीसच्या पुढे गेले नाही. बाबा मधूनमधून खिडकीतून मागच्या गाड्यांना नमस्कार करत होते.

ऑफिसात खिडकीपलीकडे एक सर्दी झालेले साहेब होते. त्यांनी आधी दाखला सरकवला. "यंत्र मागच्याच महिन्यात तपासलंय. ते ठणठणीत आहे. आजारी मी आहे." मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला.

गाडी आमचीच. नंबर स्वच्छ दिसत होता. काचेतून स्टिअरिंगवर दोन हात दिसत होते, शिकवणीत सांगतात तसे, अगदी जागच्या जागी. पट्टा लावलेला. खांद्यावर दूध पुसायचं बदकांचं फडकं. आणि त्याच्या वर, चेहरा असायला हवा तिथे, एक अंबाडा आणि एक कान.

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. फोटोतली बाई पूर्ण मागे वळून बघत होती. तिच्या गाडीच्या पुढ्यात रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते. रिकामे होते. ते रिकामे आहेत हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"अरेच्चा," साहेब पडद्याजवळ सरकले. "चेहरा आलाच नाही की. मग सोपं आहे, ताई. चालकाची ओळख पटत नाही, एवढं लिहून सही करा. नोटीस रद्द होईल."

"घ्या!" बाबांनी मला कोपराने ढोसलं. "सुटलीस! सोमवारचा प्रश्नही मिटला."

साहेबांनी कागद आणि पेन पुढे केलं. टिल्ली माझ्या कडेवरून पेनावर झेपावत होती. सही केली की झालं. घरी कुणी चकार शब्द काढला नसता, उलट महिनाभर नवऱ्याला ऐकवता आलं असतं. मी पेन हातात घेतलंही.

पण नजर पुन्हा पुन्हा त्या अंबाड्याकडे जात होती. तो दिवस मला आठवला होता. दवाखान्यातून निघाल्यापासून टिल्ली भोकाड पसरून रडत होती आणि मी मजेत चालवत होते. ती रडत असली की मला घोर नसतो, कारण रडणारं मूल श्वास घेत असतं. मग ती एकदम गप्प झाली. गप्प झाली की माझी मान आपोआप वळते. एक क्षणच, असं मी धरून चालले होते. कॅमेऱ्याला फोटो काढायला पुरेल इतका तो मोठा होता.

"ती मी आहे," मी म्हटलं.

"ताई, मी काय म्हणतोय, ओळख पटत नाही."

"मला पटली."

साहेब शिंकले. रुमाल शोधत म्हणाले, "इथे लोक फोटोत कॅमेऱ्याकडे बघून हसत असतात, तरी म्हणतात हा मी नव्हेच. तुम्ही पहिल्या, अंबाड्यावरून कबूल होणाऱ्या."

दंड भरून बाहेर आलो. गाडीपाशी मी किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"तुम्ही चालवा. सोमवारीही तुम्हीच न्या हिला."

त्यांनी किल्ली घेतली, तळहातावर उलटीपालटी केली.

"इतके महिने मागतोय मी ही. पण आज नको."

"का?"

"आज दिलीस तर परत मागायला लाजशील." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू पुढे बघ. मी मागे बसतो हिच्या शेजारी. मागे काय चाललंय ते मी सांगत जातो. मला कुठे गप्प बसायला येतंय?"

निघालो. त्यांनी रेडिओवर सामना सांगावा तसं सुरू केलं.

"मोजा ओढला. मोजा निघाला. मोजा तोंडात. दात नाहीत, तरी जिद्द बघा! आता जांभई. लांबलचक. हिरड्या उत्तम. अगं, पुढे, पुढे बघ!"

"पुढेच बघतेय!"

"मग ठीक. आता ती माझ्याकडे संशयाने बघतेय. तुझ्यावर गेलीय."

मी हसत होते. शाळेच्या रस्त्याला लागले, आणि तीसची पाटी दिसली. चांगली दारासारखी मोठी होती, झाडाच्या आडबीड काही नाही. काटा तीसच्या खाली आणला. पट्ट्यांपाशी थांबले. एक आजोबा काठी टेकत सावकाश पलीकडे गेले, जाताना त्यांनी मला हात केला.

त्यानंतर केव्हातरी मागचं बोलणं थांबलं.

टिल्लीचाही आवाज नाही. काही म्हणजे काही नाही. माझी मान वळायला निघाली. "बाबा?" मी समोर बघतच हाक मारली. उत्तर नाही. "टिल्ली? टिल्लू?" तिच्याकडूनही नाही. समोर एक ट्रक, त्याच्या पुढे चौक, चौकात लाल दिवा. मी तिथपर्यंत गाडी नेली, नीट थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि मग वळले.

टिल्ली टक्क जागी होती. बाबांचं बोट तिने मुठीत घट्ट धरलं होतं आणि सगळी शक्ती लावून ते चोखत होती, म्हणून आवाज नव्हता. बाबा काचेला डोकं टेकून गाढ झोपले होते.

"सोमवारी आपण दोघीच हं," मी तिला हळूच म्हटलं. "मी वळायची नाही. तू रडलीस तरी आणि नाही रडलीस तरी."

तिला पटलं की नाही, सांगता येत नाही. तेवढ्यात मागच्याने हॉर्न मारला. मी पुढे बघितलं. दिवा हिरवा झाला होता.