भामाचे राळे

गच्चीची फरशी तळव्यांना चटके देत होती आणि त्याच फरशीवर भामाचं राळ्याचं बियाणं पसरलेलं होतं. पसरणारा मीच. बेगम बाजारातून आणलेल्या गव्हाला ऊन द्यायचं होतं, त्याच्याबरोबर हेही उरकावं, हा माझा रविवारचा शहाणपणा. कीड लागू नये म्हणून मडक्यातल्या बियात मिसळलेली राखसुद्धा मी मन लावून चाळून टाकली होती.

भामा वर आली, वाकली, दाणे मुठीत घेतले.

"कधी पसरलं हे?"

"दहाला. आता दोन वाजले असतील."

"बी सावलीत वाळवतात हो. फरशीवर भाजून निघतं ते. मला विचारायचं तरी होतं."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

लग्नात आईने दिलेलं हे बी ती सोळा वर्षं तारनाक्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमागे, परसात पेरत आली होती. मी पार्सल ऑफिसातला कारकून; 'चिमण्यांची खानावळ' म्हणून तिला चिडवायचो. पण झहीराबादकडच्या तिच्या माहेरी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला आणि रंगीत पाकिटांतलं नवं बियाणं शेतातच करपलं. तेव्हा तिथल्या बायकांच्या मंडळाने कृषी महाविद्यालयातल्या एका मॅडमना सोबत घेऊन ठरवलं, की दोन सरींवर तग धरणारे राळे पुन्हा पेरायचे. यंदा अर्धा एकर, पुढच्या वर्षी गावभर. गावात मात्र राळ्याचा दाणा उरला नव्हता. मंडळ चालवणाऱ्या कुसुमताई म्हणजे भामाची वहिनी. भामाने त्यांना शब्द देऊन टाकला होता.

किती उगवतात ते बघायला तिने शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. पुढचे चार दिवस मला जेवण वेळेवर मिळालं, बोलणं काही मिळालं नाही. मला खरोखर भीती वाटत होती. आईपासून लेकीपर्यंत आलेलं बी मी चार तासांत मारून टाकलं असेल तर?

गुरुवारी सकाळच्या बसने कुसुमताई आल्या. मी आधीच गुन्हा कबूल केला.

"इतकं परेशान नक्को होऊ दाजी. आधी बघू तर."

आम्ही तिघं जमिनीवर बसलो. गोणपाट उलगडलं, पांढरे कोंब दिसले आणि भामा एकेक मोजू लागली. एक्याऐंशी.

"हौ, मग बी जित्तं आहे की," कुसुमताई म्हणाल्या. "पेरताना मूठभर जास्ती टाकू."

माझा जीव भांड्यात पडला. भामा चार दिवसांनी माझ्याकडे बघून हसली, आणि मी उगाचच चष्मा पुसला.

चहा झाल्यावर भामाने बी भरून द्यायला कापडी पिशवी काढली. कुसुमताईंनी ती बाजूला सारली आणि तिच्यासमोर आपला पदर पसरला.

"वहिनी, हे काय? तुम्ही मोठ्या."

"बी पदरातच घेतात. घाल."

आजवर दर खेपेला माहेरच्यांनीच भामाची ओटी भरली होती. आता ती ओंजळीओंजळीने राळे घालत होती, एकही दाणा सांडू न देता. मला बसून राहवेना. मी उठून उभा राहिलो.