थांब्यावरची हाक

परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेल्या बाईंना सुरुवातीला त्या शहरातला एक रस्ता कळेल तर शपथ! त्यांच्या संध्याकाळच्या वर्गात एक बसचालक शिकायला यायचा. त्यानेच वहीच्या पानावर नकाशा काढून दिला, दवाखाना दाखवला, राहायला खोलीही शोधून दिली.

महिन्याभराने बाई त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेबरोबर बसथांब्यावर उभ्या होत्या. बस थांबली आणि चालकाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोठ्याने हाक मारली, "टीचर! माझी मुलगी पास झाला!"

"हा तुमचा विद्यार्थी?" मुख्याध्यापिकेने भुवया उंचावल्या.

"छे हो, कोण आहे कुणास ठाऊक," त्याच्या इंग्रजीने ओशाळून बाई बोलून गेल्या.

चालकाने ते ऐकलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्या संध्याकाळी तो वर्गाला आला नाही.

सकाळी त्या मुद्दाम त्याच्याच बसमध्ये चढल्या.

"काल मी तुम्हाला ओळखलं होतं," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "माझं चुकलं."

"मला कळलं होतं," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "दांडा धरा, टीचर. पुढे वळण आहे."

बाईंनी दांडा घट्ट धरला. माफ केलंत का, हे विचारायला त्यांची जीभ काही रेटली नाही.