माळावरची घरं

आमच्या घरमालकाला, बन्सीधरला, दर सहा महिन्यांनी भाडं वाढवायची हुक्की यायची. लढाईच्या त्या वर्षांत पूर्णा जंक्शनवर रेल्वेची माणसं येऊन पडत होती आणि खोल्या मात्र तेवढ्याच. त्यातही या गृहस्थाने चार खोल्यांना कुलपं ठोकलेली, म्हणजे टंचाई टिकते आणि भाडं चढतं. मला सातवा महिना लागला तेव्हा तो दारात येऊन म्हणाला, "विमलाबाई, पाडव्यापासून दुप्पट. जमत न्हाई तर खोली सोडा."

दोन वर्षांत हे आमचं चौथं बिऱ्हाड. बाळंतपण कुठं करायचं, या विचाराने मला रडू येई, आणि रडून झालं की त्या माणसाचा भयंकर राग येई.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला दगडाबाई आली. ती चुडाव्याची, रोज गाडीने यायची. माझं तोंड पाहून म्हणाली, "आमचं तरी काय सुखाचं हाय, बाई? एका घरात तीन चुली. गावाला लागून माळ पडलाय, पर तहसीलचा हुकूम न्हाई. अर्ज उर्दूत लागतोय, आमाला कोण लिहून देतंय?"

आमचे हे, माधवराव, शाळेत उर्दूतून शिकवायचे. घरात त्या उर्दूचा मला आजवर काडीचा उपयोग झाला नव्हता!

रविवारी चुडाव्याला दगडाबाईचे दीर किशनराव पाटील यांच्या ओट्यावर बोलणं झालं. आमच्या यांनी सगळ्या गावाचे अर्ज लिहायचे, त्यातच आमचा आणि आमच्या चाळीतल्या दोन बिऱ्हाडांचा. बांधकाम सावडीनं, म्हणजे आज गाव आमच्या भिंतीवर, उद्या आम्ही गावाच्या.

"पैका कशाला लागतो?" पाटील म्हणाले. "माती गावची, बाभळी बांधावरच्या. कारागीर आमीच."

अठरा दिवसांनी हुकूम आला. मास्तर हरखले आणि घाईघाईत त्यांनी दोन दिवसांत पुरुषभर भिंत चढवली. ओलीच माती ती, तिने सरळ फतकल मारली. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"मास्तर," दगडाबाई म्हणाली, "दीड हाताचा थर घालायचा अन् वाळू द्यायचा. अर्जावानी एका बैठकीत न्हाई होत."

मग मास्तर थरावर थर घालायला शिकले. पाडव्याच्या आठवडाभर आधी आमचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, बडवून झालं आणि आम्ही तिन्ही बिऱ्हाडं राहायला आलो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी स्वतः बन्सीधर गाडीने आला. त्याच्या सात खोल्या रिकाम्या होत्या, आणि उरलेले भाडेकरूही चुडाव्याला घरासाठी नावं देत होते.

"विमलाबाई, परत चला. निम्म्या भाड्यात राहा."

मी उंबऱ्यात उभी होते, माझ्या उंबऱ्यात. काय सांगू, ऊर भरून आला होता. म्हटलं, "भाडं कमी करायचंय ना? मग तिथं अजून राहतात त्यांचं करा. यांनी आणखी अकरा अर्ज लिहायला घेतलेत."

तो स्टेशनाकडे गेला. पंधरा दिवसांनी दगडाबाई धावतच सांगत आली. कुलपं निघाली, सगळ्या चाळीचं भाडं निम्म्यावर आलं! मी अंथरुणात पोरीला घेऊन बसले होते. इतकी हसले, इतकी हसले, की दगडाबाई माझ्यावरच ओरडली, "अवं बाई, तुमी वली बाळंतीण, जरा दमानं हसा!"