चार वाकड्या पिना

कॉम्प्युटरमधल्या पंख्याखालचा धातूचा ठोकळा तिने जरा नेट लावून ओढला, तर त्याला चिकटून जुना प्रोसेसरच खाचेतून उपटून वर आला. "अगं बाई," ती म्हणाली, तेही हळूच. मोठ्याने ओरडायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं, आणि त्या रविवारी सकाळी साडेदहालाच तिच्यात ते नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर कुशीवर पडला होता, एका बाजूचा पत्रा काढलेला. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा जो लेप असतो, तो आठ वर्षांत वाळून सिमेंट झाला होता. तिने सुरीच्या बोथट कडेने प्रोसेसर सोडवायला घेतला. तो सुटला, पण हातातून निसटून कोपऱ्यावर आपटला. त्याच्या पोटाला तेराशेहून जास्त पिना, केसापेक्षा थोड्याच जाड. त्यांतल्या कोपऱ्यातल्या चार वाकल्या होत्या.

'वाकू देत,' तिने मनाशी म्हटलं. 'याचं काम संपलंच आहे.' आणि तो एका वाटीत ठेवून दिला.

ती न बांधलेल्या खोल्यांची चित्रं करून देत असे. ठेकेदार मापं पाठवायचा. ती भिंती उभ्या करायची, कपाटं बसवायची, खिडकीतून ऊन आत सोडायची. मग ते ऊन कुठे आपटतं आणि किती परततं, याचा हिशेब मशीन करत बसायचं. पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यामुळे हे सगळं तिला कागदावर मांडता आलं असतं, पण मशीनला एका चित्राला अकरा तास लागायचे. घरातल्या चार माणसांची झोप जशी तान्ह्या बाळावर ठरते, तशी गेलं वर्षभर तिची झोप या मशीनवर ठरत होती. मध्येच बंद पडलं का, रंग फिके आले का, उठून बघायचं.

शुक्रवारी ठेकेदाराचा फोन आला होता. "मॅडम, बारा खोल्यांचं काम आहे. सोमवारी दहा वाजता तीन चित्रं दाखवा, काम तुमचं. नाही जमलं तर आत्ताच सांगा, राग नाही. दुसरे एक जण रांगेत उभे आहेत."

तीन चित्रं म्हणजे तेहतीस तास, आणि त्याआधी भिंती-कपाटं उभी करण्यातच रविवारची सकाळ उजाडणार होती. नवं मशीन घेणं स्वप्नातही परवडणारं नव्हतं. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने याच मशीनच्या मुख्य बोर्डावर बसणारा, सहापट तरी वेगवान, वापरलेला प्रोसेसर दिला. त्यासाठी तिने नव्या चष्म्याचे ठेवलेले पैसे मोडले. परत घेणार नाही, हे त्याने दोनदा सांगितलं होतं.

तो आता तिने खाचेत अलगद बसवला. नवा लेप मुगाएवढा लावला, ठोकळा कसला, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. तिने पाच मिनिटं वाट पाहिली, वायरी काढून पुन्हा लावल्या, परत बटण दाबलं. पंखा आपला इमानाने फिरत होता.

तिने दुकानात फोन लावला.

"ताई, बोर्ड आधी अपडेट केलात ना?" दुकानदाराने विचारलं.

"तो करावाच लागतो का?"

"बोर्डाच्या पोटात एक मूळ प्रोग्राम असतो. तुमचा आठ वर्षं जुना. त्याला हा पाहुणा ओळखूच येत नाही, मग दार कसा उघडणार? दिलेल्या कागदावर पहिलीच ओळ ती आहे."

"मला वाटलं, अपडेट नाही केला तरी चालतं."

"कागद वाचायला दिला होता, ताई. पुडी बांधायला नव्हे." मग त्याचा आवाज जरा नरमला. "काही बिघडलेलं नाही. जुना परत बसवा, मशीन चालू करा, अपडेट करा, मग नवा घाला. आणि काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं चालू द्या. लेप गरम झाला की पंखा थोडा पिळून काढायचा. ओढायचा नाही."

तिने वाटीकडे पाहिलं. "जुन्याच्या पिना वाकल्यात."

"किती?"

"चार."

"मग सांभाळून," तो म्हणाला. "तुटली तर माझ्याकडे तसला दुसरा नाही."

नवरा खिडकीपाशी बसून सगळं ऐकत होता. तो घड्याळजी. पस्तीस वर्षं एका जिन्याखालच्या टपरीत घड्याळं दुरुस्त केली. हात थरथरायला लागले तसं दोन वर्षांपूर्वी टपरी बंद करून घरी बसला.

"कागद वाचला नव्हतास?" त्याने विचारलं.

"वाचला होता."

"मग?"

"मग तुमचं ऐकलं." तिचा आवाज चढला नाही, उलट आणखी सपाट झाला. "चालत्या यंत्राचं झाकण उघडू नये. लग्न झाल्यापासून ऐकतेय. आठ वर्षं ते मशीन अपडेट करू का म्हणून विचारत होतं, आणि आठ वर्षं मी 'नंतर' दाबत होते. कागदावरही तेच वाचलं आणि मनात म्हटलं, चालतंय ना, मग कशाला हात लावा."

"अगं, ते मी घड्याळाबद्दल म्हणत होतो."

"मला काय माहीत? तुम्ही तर ते मिक्सरबद्दलही म्हणता."

घड्याळजी उठला. कपाटातून डोळ्याला लावायचं भिंग आणि पितळी टोकाचा चिमटा घेऊन आला. टेबलाशी बसला, भिंग डोळ्याला लावलं, चिमटा उचलला. चिमट्याचं टोक प्रोसेसरवर दोन अंगुळं वर नुसतं थरथरत राहिलं. त्याने चिमटा खाली ठेवला, भिंग काढून तिच्यापुढे सरकवलं.

"तू कर. मी सांगतो."

"माझा हात कुठे बसलाय याच्यावर?"

"बसायला वेळ कुठाय? मनगट टेबलावर टेकव. कोपरसुद्धा. हवेत हात ठेवून बारीक काम होत नसतं."

भिंगातून पिना एकदम खांबांएवढ्या झाल्या. तीन जरा कलल्या होत्या. चौथी जवळजवळ आडवी झाली होती.

"श्वास सोड," तो म्हणाला. "घेताना नाही, सोडताना ढकलायचं. सोडताना हात गप्प राहतो."

पहिली सरळ झाली. दुसरी झाली. तिसरीला दोनदा थांबावं लागलं. चौथीपाशी आल्यावर तिने भिंग काढून डोळे चोळले.

"धातू वाकून पुन्हा वाकला की ताठरतो," ती म्हणाली. "ही एकदाच उठेल. मागेपुढे केलं तर तुटेल."

"हे तुला कॉलेजात शिकवलं. मला केसासारख्या स्प्रिंगांनी शिकवलं, शंभरेक तोडल्या तेव्हा. एका दमात उभी करायची नाही. थोडी उचल, थांब. आजूबाजूच्यांशी ताडून बघ. परत थोडी."

पाऊण तास गेला. रस्त्यावर कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती खोकून बंद पडत होती. तिच्या मानेत कळ भरली. शेवटी पिन उभी राहिली, इतरांपेक्षा किंचित तिरकी, पण रांगेत.

"पुरे," घड्याळजी म्हणाला. "आता सुंदर करायला जाऊ नकोस."

नवा काढून घेतल्यावर जुना प्रोसेसर खाचेत वजन न टाकता आपसूक उतरला; वर ठोकळा कसला. तिने बटण दाबलं. पडद्यावर पांढरी अक्षरं आली, तेव्हा दोघांपैकी कुणीच हसलं नाही; तिने फक्त खुर्चीला पाठ टेकली.

बोर्डाचा नवा प्रोग्राम उतरवून पेनड्राइव्हवर घेतला. त्याला चार मिनिटं लागणार होती आणि त्या चार मिनिटांत वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होणार होता. घड्याळजीने उठून घरातले दोन्ही पंखे, फ्रिज, दिवे बंद केले.

"त्याने वीज जायची थांबते का?" तिने विचारलं.

"नाही. पण मला काहीतरी करू दे."

वीज गेली नाही. मशीन दहा मिनिटं तापू दिलं, पंखा पिळून काढला, नवा बसवला. या वेळी पडदा उजळला आणि दुपारी दोनला तिने पहिलं चित्र लावलं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी ते तयार होतं. दिवाणखान्याच्या फरशीवर ऊन पडलं होतं, जिथे पडायला हवं तिथेच. एक तास चाळीस मिनिटं. तिने आकडा पुन्हा वाचला, नीट असल्याची खात्री केली आणि चित्र पाठवून दिलं.

दहा मिनिटांत ठेकेदाराचा फोन.

"मॅडम, आजच? वा. उरलेली दोन उद्या पाहू, पण बारा खोल्यांचं काम तुमचं, जा. आता मला सांगा, एका चित्राला किती वेळ लागतो? म्हणजे पुढचं तसं ठरवतो. माझ्याकडे कामं पडलीत, रोज जितकी होतील तितकी देतो."

तिने पडद्याकडे पाहिलं. आयुष्यात तिने मापं कधी चुकीची सांगितली नव्हती. अर्धा सेंटिमीटर फरक असला तरी उलट फोन करून सांगायची.

"चार तास," ती म्हणाली.

"चार का? बरं. मग दिवसाला दोन धरतो."

"दोन धरा."

फोन ठेवल्यावर घड्याळजी म्हणाला, "चार?"

"ऐकलंत ना."

"आम्ही गिऱ्हाइकाला चार दिवसांनी या म्हणायचो. काम असायचं अर्ध्या तासाचं."

"आणि उरलेला वेळ?"

"इतरांची अर्ध्या तासाची कामं," तो म्हणाला. "तू तसं करू नकोस."

तिने दुसरं चित्र लावलं आणि आतल्या खाटेवर जाऊन आडवी झाली. बाहेर तो एकेक दिवा, पंखा, फ्रिज परत चालू करत असल्याचे आवाज येत होते. मानेतली कळ तशीच होती. बराच वेळ तिला झोप लागली नाही, पण काही बघायला म्हणून ती उठलीही नाही.