निळ्या बटणाचा पाऊस

कोल्हा: पाऊस ओढ देणार.

पंचांगाच्या पानावर हळदीचं बोट.

'गड बांधायला घेतला की पाऊस. फालतू गेम. एक तारा.'

निळं बटण. त्यावर काट मारलेला ढग.

म्हैस: भरपूर.

'गडमाळ' हा अमरावतीतल्या एका छोट्या कंपनीचा ऑनलाइन गेम. त्यात राजे, राक्षस, जादूगार आहेत आणि पाऊस जनावरावर बसून येतो. तो पाऊस बनवायचं काम दामिनीचं. तिची आई वच्छलाबाई तेल्हाऱ्याहून दर नक्षत्राला पंचांग बघून फोन करायच्या. "उद्यापासून आद्रा लागते. वाहन बेडूक हाय. टाक तुह्या खेळात." दामिनी टाकायची. आभाळात बेडूक दिसला की आता नदी चढणार म्हणून जुने खेळाडू नदीपलीकडचं सैन्य मागे घ्यायचे. त्यांना ही सवय लागायला दोन वर्षं गेली होती.

सोमवारी टीमचा प्रमुख सोहम म्हणाला, "एक बटण हवंय. दाबलं की आपल्या गडावरचा पाऊस बंद."

"कावून?"

"लोक वैतागतात."

"वैतागू द्या. पाऊस हाय तो सर, घरगडी नाही."

"हे तुमच्या तेल्हाऱ्याचं वावर नाही, दामिनी. शुक्रवारपर्यंत बटण दे. नाहीतर तुझे कोल्हे-म्हशी सगळेच काढतो. तयार हवामान बाजारात मिळतं."

वावर. शेताला तिच्या गावचा शब्द. तो हसत म्हणाला होता.

दामिनी जिन्यात गेली, आईला फोन लावला. "त्याले पाऊस बंद करायचा हाय."

"बंद?" वच्छलाबाई सूप आपटता आपटता थांबल्या. "बंद कुठी होते माय? आपल्याकडं नाही पडला तं तिकडं पातूरले पडते. ढग का त्याच्या बापाचा हाय?"

तिथून दामिनीचा राग कामाला लागला.

बटण

तिनं

बनवलं.

दाबलं की तुमच्या गडावरचा पाऊस थांबायचा. ढग विरायचा नाही. उठायचा आणि गेममधल्या सगळ्यात मोठ्या गडावर जाऊन बसायचा. सगळ्यात मोठा गड सोहमचा. गेम उघडला की पहिल्यांदा तोच दिसायचा.

शुक्रवारी म्हशीचं नक्षत्र चालू होतं. बटण आलं. लोकांनी दाबलं, दाबलं, दाबतच राहिले. शनिवारी दुपारी सोहमच्या गडाचा पूर्वेचा बुरूज खचला. हत्तीखान्यातले हत्ती पोहत होते. महादरवाजा वाहत पहिल्या पानावरून दिसेनासा झाला. नवीन येणाऱ्याला फक्त गढूळ पाणी दिसत होतं.

सोहमचा आवाज चिरकला. "तू हे मला न विचारता केलंस. मी हेमचंद्र सरांना सांगणार."

"मालकाले खुशाल सांगा. तोवर बटण काढू का ठेवू?"

"काढ."

"काढलं तं पाऊस पुन्हा सगळ्यांवर पडन. म्हशीवर बसून."

तो स्क्रीनकडे बघत होता. एक हत्ती बुडाला.

"पडू दे."

"अन् माह्ये कोल्हे-म्हशी?"

"राहू दे म्हटलं ना."

दामिनीनं बटण काढलं. राग गेला नाही. 'वावर' हा शब्द अजून कानात होता. तिनं आईला फोन लावला. "पुढचं वाहन सांग."

"मेंढा. कावून व, आवाज असा कावून येते तुहा?"

"काही नाही. सांग, मी लिहून राहिली."

बटण यायच्या तीन दिवस आधी, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, ढग कोणाच्या गडावर जाईल हे दामिनीनं नावानिशी लिहून पाठवलेल्या पानावर, सोहमनं न वाचता 'मंजूर' दाबलं होतं.