कांडल्याचा फोन

शशिकला आणि नीळकंठ साठे यांचं लग्न झालं तेव्हा दोघांनीही चाळिशी ओलांडली होती. ती ग्वाल्हेरची, भोपाळमधल्या पिपलानीच्या शाळेत भूगोल शिकवणारी; तो पुण्याहून भोपाळच्या सरकारी कारखान्यात नोकरीला आलेला. कारखान्याची अजस्र यंत्रं ज्या खोक्यांत बंद होऊन बाहेर जात, त्यांच्यासाठी परदेशातून ओंडके यायचे. ते गुजरातेतल्या कांडला बंदरात उतरवून घ्यायचे आणि वॅगनींत भरून भोपाळला धाडायचे, हे नीळकंठचं काम. त्यामुळे लग्नाची हळद निघते न निघते तोच स्वारी बंदरावर रवाना झाली.

दर रविवारी शेजारच्या दुबेभाभींकडे फोन यायचा. "शशिकलाजी, कांडला से फोन!" अशी हाक आली की ती ओल्या हातांनीच धावायची. पण तिथं दुबेंचं अख्खं घर कान टवकारून बसलेलं. नवरा-बायकोनं बोलायचं तरी काय? त्यात नीळकंठ मुलखाचा लाजाळू, बायकोला अहो-जाहो करणारा.

"कशा आहात?"

"बरी आहे. जहाज लागलं का?"

"लागलं. ओंडके भिजून जड झालेत. क्रेनची साखळी बदलावी लागली."

"मग जपून उतरवा हं."

झालं, फोन संपला. दुबेभाभी हसून लोटपोट व्हायच्या. "ये कैसा प्यार है, लकड़ी-लकड़ी!" शशिकलाही हसायची. पण मग आठवडाभर तिच्या डोक्यात तेच घोळायचं. जहाजाच्या पोटातून ते ओंडके झुलत कसे वर येत असतील, यार्डात त्यांच्या थप्प्या कशा लागत असतील, आणि त्या डोंगरापुढे हा बुटका माणूस कसा दिसत असेल?

जूनमध्ये बंदरावर वादळ आलं. टीव्हीवर उलटलेल्या बोटी दिसल्या. रविवार आला नि गेला, फोन वाजला नाही. कारखान्यातल्या साहेबांनाही काही पत्ता लागेना. दुबेभाभींनी घरातल्या कुणाला फोनला हात लावू दिला नाही. न जाणो, नेमका तेव्हाच लागायचा. शशिकला देवापुढे दिवा लावायची आणि हात जोडायचंही विसरून तशीच बसून राहायची.

मग एका दुपारी दार वाजलं. दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला नीळकंठ उभा होता. रेल्वे बंद, म्हणून तो लाकडाच्या ट्रकमधूनच आला होता. अंगाला राळेचा आणि खाऱ्या पाण्याचा वास. तिनं पाणी दिलं, ते त्यानं उभ्याउभ्याच संपवलं. तिनं पेला पुन्हा भरला.

"भरदिवसा पाणी यार्डात शिरलं," तो म्हणाला. "थप्प्या सुटल्या. एवढाले ओंडके, होड्यांसारखे तरंगत एकमेकांवर आदळत होते. मी आणि रहीमभाई मुकादम क्रेनच्या शिडीवर चढून बसलो."

"खूप भ्यालात?"

"भ्यालो. आणि सारखं मनात येत होतं, इतके महिने फोनवर मी तुला लाकडंच सांगत बसलो. तुला काय हवं, काय नको, ते एकदाही विचारलं नाही."

'तुला' म्हणाला! शशिकलानं ते ऐकलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बोलून दाखवलं की हा पुन्हा 'तुम्ही'वर जायचा.

"मला आवडायची ती लाकडं," ती म्हणाली. "खरंच. आता डोळ्यांनी बघायची आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी येते तिकडे."

"अगं, तिथं एकच खोली. पाणी मचूळ, दिवसभर धूळ..."

"येते म्हटलं ना."

आणि ती गेली. पोचताच चकल्यांचा डबा रहीमभाईंच्या हवाली करून दुसऱ्या दिवशी सकाळीच धक्क्यावर हजर झाली. जहाज लागलेलं होतं. क्रेनची साखळी ताणली गेली, करकरली, आणि ओंडक्यांची मोळी जहाजातून वर आली. सालपटं गळत होती, वाऱ्यावर मोळी किंचित गिरकी घेत होती. शशिकला मान वर करून बघत राहिली. सगळ्या हमालांदेखत तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. नीळकंठ कानापर्यंत लाल झाला. पण हात त्यानं सोडवून घेतला नाही; मोकळ्या हातानं तो क्रेनवाल्याला खूण करत राहिला, हळू, हळू.